वापरलेल्या मोटारीतील डिझेल इंजिनाची तपासणी

वापरलेल्या मोटारीतील डिझेल इंजिनाची तपासणी म्हणजे सेकंड-हँड डिझेल मोटार विकत घेण्यापूर्वी तिच्या इंजिनाची किती झीज झाली आहे आणि ते मोठ्या खर्चाविना पुढे किती काळ चालेल, याचा घेतलेला अंदाज होय. हा अंदाज तीन बाबींवरून बांधला जातो : गाडीच्या देखभालीच्या नोंदी, इंजिनाची प्रत्यक्ष लक्षणे आणि यंत्राद्वारे केलेल्या चाचण्या. कंपनीचे नाव किंवा मीटरवरील आकडा यांपैकी एकच गोष्ट पुरेशी मानली जात नाही, कारण एकाच कारखान्यात तयार झालेली दोन सारखी इंजिने वापरानुसार अगदी वेगळ्या अवस्थेत आढळतात. डिझेल इंजिनाची दुरुस्ती सामान्यतः पेट्रोल इंजिनापेक्षा महाग असल्याने चुकलेल्या अंदाजाची किंमत मोठी असते.

पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा साधारणपणे १५ ते २२ पट दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हे तत्त्व जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात प्रत्यक्षात आणले. १९३६ साली सादर झालेली मर्सिडीज-बेंझ २६० डी ही पहिल्या डिझेल प्रवासी मोटारींपैकी एक होय.

एवढा दाब सोसण्यासाठी डिझेल इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट व पिस्टन अधिक भक्कम बनवावे लागतात. यातूनच डिझेल इंजिन कायम टिकते, असा समज रूढ झाला. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांबाबत त्यात बरेच तथ्य होते. अशी इंजिने साध्या गॅरेजमध्येही दुरुस्त होत. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून कॉमन रेल प्रणाली बाजारात आली. या प्रणालीत सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून अतिशय उच्च दाबाने इंधन पुरवले जाते आणि फवारणीचे नियंत्रण संगणक करतो. त्यामुळे ताकद व इंधनबचत वाढली, आवाज व धूर घटला. मात्र बिघाडाची जागा बदलली. आधुनिक डिझेल मोटारीत मूळ ब्लॉक सहसा टिकतो. खर्च उद्भवतो तो इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह आणि धूर गाळणारी चाळणी यांच्यात.

भारतातील स्थिती

भारतात डिझेलचा दर दीर्घकाळ सरकारी नियंत्रणाखाली व पेट्रोलपेक्षा बराच कमी होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये हे नियंत्रण पूर्णपणे उठवण्यात आले. दरातील तफावत कमी होत गेली, तशी लहान डिझेल मोटारींची मागणी ओसरली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ (बीएस ६) उत्सर्जन मानके लागू झाली, तेव्हा मारुती सुझुकीसह काही कंपन्यांनी डिझेल मोटारी बनवणे थांबवले. परिणामी जुन्या बाजारात मिळणाऱ्या लहान डिझेल मोटारी प्रामुख्याने २०२० पूर्वीच्या आहेत.

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध घालणारा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीत बदल केले. या निर्बंधामुळे तेथील अनेक डिझेल गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी स्वस्त दिसली, तरी नव्या राज्यातील कर व नोंदणीचा खर्च किमतीत धरावा लागतो.

झीज होण्याची कारणे

डिझेल इंजिनाचे आयुष्य मुख्यतः इंजिन ऑइलवर अवलंबून असते. ज्वलनातून निर्माण होणारी काजळी ऑइलमध्ये मिसळते. ऑइल वेळेवर न बदलल्यास ते दाट होते आणि टर्बो, टायमिंग चेन व बेअरिंग यांना पुरेसे वंगण मिळत नाही. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते व ऑइलच्या पातळ थरावर फिरते, म्हणून वंगणातील हयगय तिला लवकर बाधते.

दुसरे कारण इंधनाची गुणवत्ता. इंजेक्टर व उच्च दाबाचा पंप यांना डिझेलच वंगण पुरवते. भेसळयुक्त किंवा पाणी मिसळलेल्या डिझेलमुळे त्यांचे अतिशय नाजूक भाग घासले जातात.

तिसरे कारण वापराची पद्धत. महामार्गावर सलग चाललेली व वेळेवर सर्व्हिसिंग झालेली गाडी दीड लाख किलोमीटरनंतरही उत्तम असू शकते. उलट, शहरात रोज दोन-तीन किलोमीटर फिरलेले इंजिन पुरेसे तापत नाही, त्यात काजळी साठते आणि ऑइल लवकर खराब होते. त्यामुळे ‘कमी चाललेली’ जुनी डिझेल गाडी चांगलीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

कागदपत्रांची छाननी

तपासणीची सुरुवात बॉनेट उघडण्यापूर्वी, कागदपत्रांपासून होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींत तारीख, किलोमीटर व बदललेले भाग नमूद असतात. या नोंदींतील किलोमीटरचे आकडे क्रमाने वाढत गेले आहेत का, हे पाहिल्यास मीटर मागे फिरवल्याचा प्रकार उघड होऊ शकतो. क्लच व ब्रेकची पेडल, सुकाणूचे चाक आणि चालकाचे आसन यांची झीज मीटरवरील आकड्याशी जुळते का, हेही पाहिले जाते.

आरसी बुक व परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदींवरून मालकांची संख्या, कर्जाचा बोजा आणि गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून नोंदली होती का, हे कळते. पीयूसी प्रमाणपत्र वैध असणे आवश्यक असले, तरी त्यावरून इंजिन सुस्थितीत असल्याचे सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष तपासणी

थंड इंजिन : इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करणे ही सर्वांत उपयुक्त चाचणी मानली जाते. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असल्यास अनेक दोष झाकले जातात, म्हणून प्रथम बॉनेटला हात लावून पाहण्याची पद्धत आहे. हिटर प्लगचा दिवा विझल्यावर निरोगी इंजिन लगेच सुरू होते. बराच वेळ स्टार्टर मारावा लागणे हे कमकुवत बॅटरी, निकामी हिटर प्लग, इंजेक्टरमधील गळती किंवा कमी कॉम्प्रेशन यांपैकी कशाचेही लक्षण असू शकते.

धूर : काळा धूर हवा कमी पडत असल्याचे किंवा इंधन जास्त फवारले जात असल्याचे दर्शवतो, त्यामागे तुंबलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर, टर्बोच्या नळीतील गळती किंवा काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह असू शकतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे व तो पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो सीलकडे बोट दाखवतो. थंडीत सुरुवातीचे काही क्षण पांढरा धूर येणे स्वाभाविक असते. मात्र इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घेतली जाते.

बॅक कॉम्प्रेशन : पिस्टन रिंग झिजल्यास ज्वलनातील वायू खालच्या बाजूने क्रँककेसमध्ये शिरतात. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढले असता तेथून जोराने धूर येणे किंवा झाकण थडथडून उडणे ही त्याची खूण होय. थोडी वाफ मात्र निरोगी इंजिनातूनही येते. हा दोष निश्चित झाल्यास बहुधा इंजिन उघडावे लागते.

ऑइल व कूलंट : डिझेल इंजिनातील ऑइल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते, काळा रंग हा दोष नव्हे. दुधाळ कॉफीसारखा रंग मात्र पाणी मिसळल्याचे सुचवतो. कूलंटवर तेलाचा तवंग दिसणेही गंभीर मानले जाते. नुकतेच धुऊन चकचकीत केलेले इंजिन गळती लपवू शकते. अशा वेळी चाचणी फेरीनंतर ते पुन्हा पाहावे लागते.

चाचणी फेरी : वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून गाडी पळवली असता टर्बोची ओढ सलग जाणवली पाहिजे. ओढ न जाणवणे, शिटीसारखा मोठा आवाज येणे किंवा ताकद अचानक मर्यादित होणे ही टर्बो वा त्याच्या नळ्यांतील बिघाडाची लक्षणे आहेत. उभ्या गाडीचा क्लच दाबला-सोडला असता खडखडाट बदलत असेल, तर क्लच किंवा ड्युअल-मास फ्लायव्हील तपासले जाते.

यंत्राद्वारे चाचणी

ओबीडी स्कॅनर गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड, रेलमधील दाब व प्रत्येक इंजेक्टरला करावी लागणारी दुरुस्ती दाखवतो. कोड नुकतेच पुसले असल्यास ते दिसत नाहीत. म्हणून चाचणी फेरीनंतर पुन्हा स्कॅन केले जाते. कॉम्प्रेशन चाचणीत चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे असते. इंजेक्टरांतून परत येणारे इंधन वेगवेगळ्या बाटल्यांत मोजले असता झिजलेला इंजेक्टर ओळखू येतो.

एक उदाहरण : १.३ लिटर मल्टीजेट

२००३ मध्ये फियाट व जनरल मोटर्स यांनी सादर केलेले १,२४८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन भारतात इतक्या मोटारींत बसवले गेले की वाहनप्रेमींमध्ये ते ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. फियाटने त्याला मल्टीजेट, मारुती सुझुकीने डीडीआयएस आणि टाटा मोटर्सने क्वाड्राजेट असे नाव दिले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे व हरियाणातील मानेसर येथे त्याचे उत्पादन झाले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो व लिनिया या मोटारींत ते आढळते.

या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन असते. बेल्ट ठराविक अंतरानंतर बदलावाच लागतो. चेन इंजिनाच्या आयुष्यभर चालावी अशी अपेक्षा असते. परंतु चेन व तिचा टेन्शनर इंजिन ऑइलवरच अवलंबून असतात आणि या लहान इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर मावते. ऑइल उशिरा बदलल्यास किंवा त्याची पातळी घटल्यास चेन सैल होते. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण येणारा खडखडाट हे तिचे पहिले लक्षण होय. चेन सरकल्यास किंवा तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. त्यामुळे मल्टीजेटची ख्याती चांगली असली, तरी ती विशिष्ट गाडीला लागू होते की नाही, हे त्या गाडीच्या ऑइल बदलाच्या पावत्यांवरून ठरते.

पुरात बुडालेल्या गाड्या

२६ जुलै २००५ रोजीचा मुंबईतील महापूर, ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूरचा पूर आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. हवेच्या नळीतून ते सिलिंडरमध्ये शिरले असताना इंजिन सुरू राहिले किंवा सुरू केले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात पिस्टनवरची मोकळी जागा फार कमी असल्याने थोडे पाणीही पुरेसे ठरते. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी काही काळ चालते आणि पुढे अचानक बंद पडते. आसनाखालील गंज, गालिच्याखालील गाळ, कुबट वास आणि दिव्यांत साचलेला ओलावा या खुणा, तसेच विम्याच्या दाव्यांचा इतिहास, यांवरून अशी गाडी ओळखता येते.

बीएस ६ मोटारी

बीएस ६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारी चाळणी, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (डीपीएफ), असते. साठलेली काजळी उच्च तापमानाला जाळून ती स्वच्छ होते. त्यासाठी काही काळ सलग वेगाने गाडी चालणे आवश्यक असते. केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया अर्धवट राहते, जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवरील पातळी वाढलेली दिसते. खर्च टाळण्यासाठी चाळणी काढून टाकलेली गाडी उत्सर्जन नियमांचा भंग करते.

खरेदीचा निर्णय

तपासणीने भविष्याची हमी मिळत नाही. धोका कमी होतो. क्लच, हिटर प्लग, टायमिंग बेल्ट किंवा एखादा इंजेक्टर यांचा खर्च किमतीतून वजा करून व्यवहार करता येतो. बॅक कॉम्प्रेशन, ऑइलमध्ये पाणी, चेनचा खडखडाट आणि पुराच्या खुणा यांपैकी काही आढळल्यास गाडी नाकारणे सुरक्षित मानले जाते. वार्षिक वापर कमी असलेल्या कुटुंबाला डिझेलमुळे होणारी इंधनबचत एका मोठ्या दुरुस्तीतच संपू शकते. म्हणून इंजिनाच्या अवस्थेइतकाच ग्राहकाचा स्वतःचा वापरही विचारात घ्यावा लागतो.