लेकराचं दुखणं कुणाला कळलं?

आमच्या गटातल्या एकीच्या तीन वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुपारभर पोरगं हसत-खेळत होतं, पण रात्री रडून आकांत केला. घरातली म्हातारी म्हणाली, "एवढ्याशा जिवाला काय कळतंय दुखणं? दृष्ट लागली असेल." आम्ही म्हातारीवर चिडलो. पुढे वाचलं तेव्हा कळलं, शिकलेले डॉक्टरसुद्धा कितीतरी वर्षं असंच काहीसं मानत होते.

आपल्यात सिझर झालेल्यांना पाठीतलं इंजेक्शन ठाऊक आहे. त्याची सुरुवात १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने केली. तो आणि त्याचा मदतनीस यांनी एकमेकांवरच प्रयोग केला. मदतनिसाच्या नडगीवर हातोडी मारली तरी त्याला काही वाटलं नाही. नंतर डोकी मात्र दोघांचीही ठणकली! १९०९ साली लंडनच्या टिरेल ग्रे यांनी अशा इंजेक्शनाखाली ऑपरेशन केलेल्या २०० मुलांची हकिगत छापली. पुढे पूर्ण भुलीची औषधं सुधारली आणि मुलांसाठी हा मार्ग मागे पडला. तान्ह्या बाळांना तर "भूल सोसणार नाही" म्हणून कधी कधी नुसतं अंग लुळं करणारं औषध देत. हलता येत नाही, रडता येत नाही, दुखतं मात्र सगळं.

१९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं छातीचं ऑपरेशन असंच झालं. काही आठवड्यांनी बाळ गेलं. खरं काय ते कळल्यावर त्याची आई जिल लॉसन गप्प बसली नाही, तिने ते जगापुढे आणलं. १९८७ साली आपल्याच देशातून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी दाखवून दिलं, की दुखणं थांबवणारं औषध दिलेली बाळं ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात.

आता पोटाच्या ऑपरेशनला मूल झोपवल्यावर जागा बधिर करायचे दोन मार्ग जास्त चालतात. एक कॉडल. हे इंजेक्शन माकडहाडाच्या वरच्या बाजूला देतात. हर्नियाला ते चांगलं, पण एका वेळचा असर साधारण चार-सहा तासच, आणि तोवर पाय जड राहू शकतात. दुसरा टॅप. यात सोनोग्राफीत बघून पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडतात. पाय मोकळे राहतात, असर बऱ्याचदा जास्त टिकतो. पण त्याने पोटाची भिंतच बधिर होते, आतल्या आतड्याचं दुखणं नाही. त्याला वेगळं औषध लागतंच. मोठ्या ऑपरेशनला पाठीत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध देतात.

आमच्या त्या पोराला सकाळी कॉडल दिलं होतं. दुपारनंतर त्याचा असर उतरला, आणि त्याआधीच दुखण्याचं सिरप पाजायचं हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गटातल्या दुसऱ्या एकीच्या मुलीचं ऑपरेशन आहे. बैठकीत आम्ही तिच्या बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर भूलतज्ज्ञांना विचारायचं लिहून दिलंय: कोणतं इंजेक्शन देणार? किती तास टिकेल? सिरप किती वाजता, किती मापाने पाजायचं?