प्रवाहावर सोडलेली नळी

हृदयात नळी घालून आतला दाब मोजण्याचा इतिहास बहुतेक वेळा दोन प्रसंगांत आटोपला जातो. पहिला १९२९च्या उन्हाळ्यातला. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने वरिष्ठांची मनाई धुडकावून स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेत मूत्रवाहिनीसाठी वापरायची लांब नळी सरकवली. तशाच अवस्थेत जिना उतरून तो एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचल्याचा पुरावा त्याने छायाचित्रात मिळवला. दुसरा प्रसंग १९६७चा. मुलांना घेऊन सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या हृदयरोगतज्ज्ञ जेरेमी स्वॉन यांना वारा पडल्यामुळे खोळंबलेल्या होड्या दिसल्या. त्यांतली एकच होडी मोठ्या फुगीर शिडाच्या जोरावर पुढे सरकत होती. नळीच्या टोकालाही असंच शीड लावावं, असं त्यांच्या मनात आलं. ही हकिकत स्वॉन यांनीच पुढे सांगितली आहे आणि तिच्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही. पण या दोन प्रसंगांवरून या उपकरणाचं कुळ लावायला गेलं, तर ते चुकतं. फोर्समानला काही मोजायचंच नव्हतं; छातीत सुई न खुपसता औषध थेट हृदयापर्यंत पोचवण्याची वाट त्याला हवी होती. आणि स्वॉन यांना किनाऱ्यावर सुचलेली युक्ती त्याच्या चौदा वर्षं आधी छापून आलेली होती. धाडस आणि स्फूर्ती यांपेक्षा या नळीला घडवलं ते एका गुणाने, तो म्हणजे तिचा सोपेपणा. त्याच गुणाने ती रुग्णाच्या खाटेपर्यंत आणली आणि तिचा रुग्णाला उपयोग होतो का, हा प्रश्न पंचवीस वर्षं मागे ढकलला तोही त्याच गुणाने.

मोजमापाची खरी गरज सुरू होते ती शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांच्यापासून. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं, हे हृदय न उघडता काढता येईल, असं त्यांनी १८७०मध्ये मांडलं. शरीर मिनिटाला समजा २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतं आणि फुप्फुसातून जाताना प्रत्येक लिटर रक्त ५० मिलिलिटर प्राणवायू उचलतं, तर मिनिटाला पाच लिटर रक्त वाहत असलंच पाहिजे. हिशोब निर्दोष होता, पण त्यासाठी सगळ्या शरीरातून परतलेलं आणि नीट मिसळलेलं रक्त हवं, आणि ते मिळतं हृदयाच्या उजव्या बाजूलाच. म्हणजे गणित तयार होतं आणि माणसाच्या हृदयातलं रक्त काढण्याची सोय सत्तर वर्षं नव्हती. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी फोर्समानच्या नळीकडे या गरजेतून पाहिलं. आधी त्यांनी वर्षानुवर्षं प्राण्यांवर काम केलं, मग १९४१पासून माणसांवरचे निष्कर्ष छापायला सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात रक्तस्रावाने आणि जखमांनी शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांचं रक्ताभिसरण त्यांनी प्रत्यक्ष मोजलं. नळी आत राहू शकते, एवढंच फोर्समानने दाखवलं होतं. ती तासन् तास आत ठेवून विश्वासार्ह आकडे घेता येतात, हे बेलव्ह्यूत सिद्ध झालं. १९५६चं नोबेल तिघांना मिळून दिलं गेलं. नळी आत गेली म्हणून शोध लागला, असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते या कुळाचा मूळ पुरुष फिक आहे, कारण त्याने विचारलेल्या प्रश्नाशिवाय फोर्समानची नळी एक धाडसी प्रयोग म्हणूनच राहिली असती.

पुढचं महत्त्वाचं पाऊल बॉस्टनमध्ये लुईस डेक्स्टर यांच्या गटाने चाळिशीच्या दशकात टाकलं. नळी उजव्या हृदयातून फुप्फुसधमनीत आणि तिच्या शेवटच्या बारीक फांदीत घट्ट बसेपर्यंत पुढे नेली, तर पलीकडचं रक्त वाहायचं थांबतं. पाटाला बांध घातला की खालचं पाणी पलीकडच्या तळ्याच्या पातळीला येऊन स्थिरावतं, तसा या फांदीतला दाब हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या दाबाशी जुळतो. यालाच डॉक्टर ‘वेज प्रेशर’ म्हणतात. याचं मोल समजून घेतलं पाहिजे. हृदयविकाराचा झटका बहुधा डाव्या बाजूला दुबळं करतो, आणि डाव्या बाजूला थेट पोचायचं तर धमनीत शिरावं लागतं, ज्यात धोका मोठा. उजव्या बाजूने शिरेतून आत जाऊन डाव्या बाजूची खबर काढायची ही वाट फार हुशारीची होती. मात्र ती एक्स-रेच्या पडद्याखाली, तरबेज हातांनीच चालता येत होती. ताठ नळी खालच्या कप्प्याच्या भिंतीला टोचली की हृदयाचे ठोके बिघडत. म्हणून हे मोजमाप एक्स-रे यंत्र असलेल्या खास खोलीत, म्हणजे कॅथ लॅबमध्येच अडकून राहिलं. ज्यांना झोपल्या जागेवरून हलवणंच धोक्याचं, अशा अत्यवस्थ रुग्णांना त्याचा उपयोग नव्हता.

१९५३मध्ये लॅटेगोला आणि रान या संशोधकांनी टोकाला फुगा लावलेली, रक्तप्रवाहाबरोबर आपोआप पुढे जाणारी नळी कुत्र्यांवर वापरून दाखवली होती. निबंधाच्या शीर्षकातच ती स्वतःची वाट स्वतः काढणारी नळी असल्याचं म्हटलं होतं. तरी तिच्याकडे कुणी वळलं नाही. कुणाचं लक्ष गेलं नाही, हे त्याचं पुरेसं उत्तर मला वाटत नाही. १९५३मध्ये ज्याला हृदयात नळी घालायची होती त्याच्याजवळ एक्स-रे यंत्र होतंच, आणि ज्याच्याजवळ ते नव्हतं त्याला नळी घालायची नव्हती. मधल्या काळात परिस्थिती बदलली. साठीच्या दशकात हृदयरुग्णांसाठी वेगळे कक्ष उघडले गेले. सतत चालणाऱ्या ईसीजीमुळे आणि विजेच्या धक्क्यामुळे ठोके बिघडून होणारे मृत्यू रोखता येऊ लागले. मग मागे उरलेलं मृत्यूचं मोठं कारण ठळक दिसू लागलं: झटक्यानंतर हृदयाचा पंपच निकामी होणं. अशा रुग्णाला द्रव द्यायचा की काढून घ्यायचा, हे त्याच्या डाव्या बाजूचा दाब कळल्याशिवाय ठरवता येत नव्हतं, आणि अंदाज चुकला तर दोन्ही उपाय जीवघेणे ठरत. लॉस एंजेलिसच्या सीडर्स ऑफ लेबनन रुग्णालयात स्वॉन हे काम पाहत होते. लंडनमध्ये रोनाल्ड ब्रॅडली यांनी १९६४मध्ये खाटेपाशीच घालता येईल अशी बारीक, मऊ नळी वापरली होती, पण ती हवी तिथे पोचेलच याची खात्री नसे. किनाऱ्यावर स्वॉन यांनी शीड पाहिलं तेव्हा हे सगळं त्यांच्या मनात साचलेलं होतं.

शीड बनवणं अवघड आहे, फुगा बनवणं सोपं, हे त्यांना सांगितलं एडवर्ड्स लॅबोरेटरीज या कंपनीतल्या लोकांनी. कंपनीला ते माहीत असण्याचं कारणही सांगितलं पाहिजे. धमनीतली गुठळी ओढून काढण्यासाठी टॉमस फोगार्टी यांनी रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा मासेमारीतल्या गाठीने नळीच्या टोकाला बांधून एक उपकरण तयार केलं होतं आणि १९६३मध्ये ते प्रसिद्ध केलं होतं. ते विकायला आणणारी कंपनी हीच. पहिल्या चाचणीत कुत्र्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात फुगा फुगवताच नळीचं टोक पडद्यावरून नाहीसं झालं आणि शोधल्यावर ते फुप्फुसधमनीत सापडलं. १९७०च्या ऑगस्टमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वॉन, विल्यम गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरचे निष्कर्ष छापले: ०.८ मिलिलिटर हवेचा फुगा, एक्स-रे नाही, आणि पहिल्या शंभर वेळांत वरच्या कप्प्यातून फुप्फुसधमनीपर्यंत पोचायला सरासरी ३५ सेकंद. फुग्याने नळीचं टोक झाकलं जात असल्यामुळे भिंत टोचली जात नव्हती आणि बिघडलेले ठोकेही फार कमी दिसले. या निबंधाच्या लेखकांत कंपनीचा एक अभियंताही आहे, हे मला योग्य वाटतं. नळी कुठे न्यायची हे डॉक्टरच्या बोटांनी ठरवायचं थांबलं आणि ते रुग्णाच्या रक्तप्रवाहावर सोपवलं गेलं. या बदलात हातकौशल्याची अट गळून पडली.

गान्झ यांचा वाटा बहुतेक हकिकतींत अर्ध्या ओळीत उरकला जातो, आणि तो अन्याय आहे. कोशित्सेत जन्मलेले, नाझींच्या छळातून वाचलेले गान्झ १९६६मध्ये चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आले. थंड द्रव रक्तात सोडून पुढे तापमान किती उतरतं त्यावरून प्रवाह काढायची पद्धत त्यांनी प्राग सोडण्याआधीच अभ्यासली होती. १९७१मध्ये ती या नळीला जोडली गेली. टोकाजवळ तापमान टिपणारा बारीक संवेदक बसवला, उजव्या बाजूला थंड सलाईन टोचलं, की काही क्षणांत हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचा आकडा मिळे. फिकच्या हिशोबाला लागणारे रक्ताचे नमुने काढण्याची आणि श्वासातला प्राणवायू मोजण्याची खटपट संपली. दाब आणि प्रवाह दोन्ही हाती आल्यावर जेम्स फॉरेस्टर आणि स्वॉन यांनी झटक्याच्या रुग्णांचे चार गट पाडले: वेज प्रेशर १८च्या वर की खाली, आणि शरीराच्या आकारमानाशी जुळवलेला प्रवाह २.२च्या वर की खाली. कुठल्या गटाला द्रव, कुठल्याला लघवी वाढवणारं औषध, कुठल्याला हृदयाचा भार हलका करणारं औषध, हे त्यावरून ठरू लागलं. झटक्याच्या वेळी शरीरात काय घडतं, याची आजची समज मोठ्या प्रमाणात या मोजमापांवर उभी आहे. नळीवर पुढे झालेली टीका वाचताना हे ऋण विसरू नये.

यानंतर नळी हृदयरुग्णांपुरती राहिली नाही. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेले, भाजलेले, मोठी शस्त्रक्रिया झालेले, असे सगळेच रुग्ण तिच्या कक्षेत आले. वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण आणणारा अमेरिकन कायदा १९७६चा, म्हणजे ही नळी सर्रास वापरात आल्यानंतरचा. उपयोग सिद्ध केल्याशिवाय बाजारात येऊ नये, अशी अट तिला कधी लागलीच नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे. मोजमापाच्या साधनाकडून उपचारासारखा पुरावा कशाला मागायचा? थर्मामीटरने किती जीव वाचवले, असं कुणी विचारत नाही. आक्षेप वजनदार आहे, पण या नळीला तो लागू होत नाही. थर्मामीटर काखेत ठेवतात, ही नळी मानेच्या किंवा खांद्याच्या शिरेतून हृदयात राहते. तिच्यामुळे जंतुसंसर्ग होतो, ठोके बिघडतात आणि क्वचित फुप्फुसधमनी फाटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा दिसला की तो सुधारण्याचा मोह आवरत नाही. १९९४मध्ये लंडनमधल्या एका चाचणीत अत्यवस्थ रुग्णांना औषध देऊन प्राणवायूचा पुरवठा ठरावीक आकड्यापर्यंत चढवला गेला. त्या गटात ५४ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३४ टक्के. आकडे बरोबर होते, त्यांच्यामागे धावणं घातक ठरलं.

दुसरा आक्षेप नळीची बाजू घेणारे आजही मांडतात: दोष नळीचा नाही, ती नीट न वाचणाऱ्यांचा आहे. याला पुरावा आहे. १९९०मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ४९६ डॉक्टरांना ३१ प्रश्न दिले गेले. सरासरी गुण ६७ टक्के, आणि स्पष्ट आलेखावरून वेज प्रेशर वाचणं जवळपास निम्म्यांना जमलं नाही. पण हा दाखला मला आक्षेपाच्या उलट बाजूला नेतो. नळी घालणं सोपं झालं आणि आकड्याचा अर्थ लावणं मात्र डेक्स्टरच्या काळाइतकंच अवघड राहिलं. पूर्वी ज्याच्या हातात नळी घालण्याचं कसब होतं, त्याच्याजवळ बहुधा आकडा समजण्याचं ज्ञानही असे. फुग्याने ही जोडी तोडली. अज्ञान वापरणाऱ्यांचं खरं, पण त्यांना वाचता येत नसतानाही हे साधन त्यांच्या हाती पोचलं ते त्याच्या रचनेमुळे.

यूजीन रॉबिन यांनी १९८५मध्येच या नळीभोवती पंथ तयार झाल्याची टीका केली होती. कॅनडात चाचणीचा प्रयत्न झाला, तर नळी नाकारणं अनैतिक ठरेल असं म्हणून डॉक्टर आपले रुग्ण चिठ्ठ्यांवर सोपवायला तयार होईनात आणि चाचणी बारगळली. १९९६मध्ये आल्फ्रेड कॉनर्स आणि सहकाऱ्यांनी ५,७३५ अत्यवस्थ रुग्णांची माहिती तपासली. आजाराची तीव्रता जमेला धरूनही, पहिल्या २४ तासांत नळी घातलेल्यांत तीस दिवसांतल्या मृत्यूचा धोका जास्त निघाला. जास्त आजारी रुग्णांनाच नळी घालतात, हा बचाव पुरता खोडता येण्यासारखा नव्हता, पण त्यानंतर चाचण्या टाळणं अशक्य झालं. २००३मध्ये मोठ्या शस्त्रक्रियेच्या १,९९४ वयस्क रुग्णांवर, २००५मध्ये ब्रिटनमधल्या ६५ अतिदक्षता विभागांत, त्याच वर्षी हृदय निकामी होत आलेल्या ४३३ जणांवर आणि २००६मध्ये फुप्फुसं निकामी होत आलेल्या १,००० जणांवर चाचण्या झाल्या. मृत्यू कुठेच कमी झाले नाहीत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ते वाढलेही नाहीत. कॉनर्स यांची भीती जशीच्या तशी खरी ठरली नाही. अमेरिकेत १९९३ ते २००४ या काळात नळीचा वापर ६५ टक्क्यांनी घटला.

आज ती कायमची गेली, असं म्हणणं चुकीचं आहे. फुप्फुसधमनीतला वाढलेला दाब निश्चित करायला, हृदयरोपणाआधीच्या तपासणीला आणि हृदयाच्या दुबळेपणामुळे आलेल्या शॉकमध्ये ती वापरली जाते. तिचं काम करणाऱ्या पुढच्या पिढीकडून मात्र हिशोब आधी मागितला गेला. फुप्फुसधमनीत कायमचा बसवायचा, बॅटरी नसलेला, घरबसल्या दाब कळवणारा एक बारीक संवेदक याच शतकात तयार झाला. तो ५५० रुग्णांवरच्या चाचणीतून गेला आणि दाब पाहून औषधं बदलल्यामुळे सहा महिन्यांत हृदयाच्या दुबळेपणासाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं २०११मध्ये छापून आलं. तरी त्याच वर्षी अमेरिकन औषध प्रशासनाच्या सल्लागारांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. चाचणीतल्या एका गटाच्या डॉक्टरांना कंपनीच्या परिचारिकांकडून सल्ला मिळत होता, मग फायदा आकड्याचा की सल्ल्याचा, असं त्यांनी विचारलं. परवानगी मिळाली ती आणखी माहिती तपासल्यावर, २०१४मध्ये.