धूर कुठे गेला?

वर्तकनगरच्या नाक्यावर हल्ली विजेवरची बस येऊन उभी राहते, निघूनही जाते. नाकाला पत्ता लागत नाही. ठाणे परिवहनच्या ताफ्यात या बस 2023 मध्ये आल्या. लोकांना त्याचं मोठं अप्रूप वाटलं. पण ठाणेकरांची विजेच्या वाहनाशी सोयरीक नवी नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी कोळसा जाळून केलेल्या वाफेवर आली. पुढची सत्तर वर्षं प्रवाशाच्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळी बसतच राहिली. मग 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली आणि पाच-सहा वर्षांत तारा ठाणे-कल्याण ओलांडून घाट चढल्या. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनामागूनच पुण्याला गेली.

गाडीतला धूर गेला; पण गेला कुठे? ठाकुर्लीला! रेल्वेने तिथे, चोळे गावाच्या अंगाला, स्वतःचं वीजघर उभारलं. उल्हास नदीचं पाणी आणि दगडी कोळसा. म्हणजे प्रत्येक इंजिनाच्या धुरांड्यातला धूर ठाकुर्लीच्या चिमण्यांतून निघू लागला. डोंबिवलीचे जुने लोक त्या भागाला अजून 'पॉवर हाऊस' म्हणतात.

पाण्याच्या विजेला धूर नसतो, हे खरं. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना अशी वीज मिळू लागली. पण त्याच टाटांच्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, म्हणून 1921 मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच. स्वच्छ विजेचा हा हिशेब गिरणीच्या वहीत कुठे मांडलेला नव्हता.

आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता. रमजानात सहरीच्या वेळी त्याच्या फर्रर्र आवाजानेच जाग यायची. पिन मारताना भडका उडे, अम्मी पदराने डोळे पुसे. पुढे गॅस आला, आता विजेची शेगडी आहे.

यावर काही जण म्हणतात, ''काय उपयोग? महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाचीच. तुमचा धूर तुम्ही चंद्रपूर-कोराडीच्या माणसांच्या छातीत घातलात.'' हा टोला मला लागतो आणि तो लागायलाच हवा. पण ''म्हणून स्टोव्हच बरा'' हा त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. ठाकुर्लीचं वीजघर 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंद झालं, तेव्हा लोकलचा एकही डबा बदलावा लागला नाही. तारेत दुसरीकडची वीज आली, एवढंच. आमच्या वसाहतीत मात्र रॉकेलचा प्रत्येक स्टोव्ह वेगवेगळा विझवावा लागला. त्याला वीस-पंचवीस वर्षं लागली.