लीलाबाई चिटणीस : चरित्र आणि काळ

इसवी सन २००३ च्या जुलै महिन्याच्या चौदाव्या दिवशी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, डॅनबरी या गावच्या एका शुश्रूषागृहात, त्र्याण्णव वर्षांच्या एका मराठी बाईंचा अंत झाला. त्यांचे नाव लीला चिटणीस. ज्या पिढीने त्यांस नायिका म्हणून पाहिले होते ती पिढी तोपर्यंत बहुतेक काळाच्या उदरात गेली होती. जी मागे उरली होती तिच्या ध्यानात त्यांचे एकच रूप राहिले होते, ते म्हणजे पांढऱ्या केसांची, कष्टाने वाकलेली, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई. आमच्या नांदेड-लातूरकडे आजही एखाद्या घरी त्यांचे नाव निघाले, तर 'आवारामधली आई त्याच ना?' एवढीच पृच्छा व्हावयाची. ही ओळख चुकीची नाही. परंतु ती फार अपुरी आहे. या बाईंच्या आयुष्याची पूर्वपीठिका ध्यानात घेतली, म्हणजे आपल्या मध्यमवर्गाने कमावत्या स्त्रीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याचा एक बोलका इतिहासच हाती लागतो.

त्यासाठी थोडे मागे जावयास हवे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांस एकही स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका साळुंके नावाच्या तरुणास करावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या बोलपटपूर्व काळातील चित्रात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या, आणि पदरी मुलगी घेऊन पोटासाठी त्यांनी नाटकमंडळीची वाट धरली होती. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. मोठ्या घराण्यातील ही सुशिक्षित स्त्री तोंडास रंग लावते म्हणून तेव्हा कोण गहजब झाला! त्यांच्याही मागे घरची घसरलेली आर्थिक स्थिती होती. या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. बाईच्या घरी चूल पेटते की नाही याची विचारपूस समाजाने क्वचितच केली. ती पेटविण्यासाठी तिने काय केले याचा झाडा मात्र त्याने कसोशीने घेतला.

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९ रोजी धारवाड येथे एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव नगरकर. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते, आणि जातिभेद न मानणाऱ्या ब्राह्मो समाजाच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. घरात ग्रंथ होते, चर्चा होती, मुलीने शिकावे ही इच्छा होती. तथापि काळाचा महिमा असा, की अशा घरातील मुलीचाही विवाह पंधरा-सोळाव्या वर्षी, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या डॉक्टर गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी झाला. पतिपत्नी दोघेही राष्ट्रीय वृत्तीची होती. क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांस त्यांनी आपल्या घरी आश्रय दिला होता, आणि त्यापायी अटकेची जोखीमही पत्करली होती. परंतु संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त झाल्यावर चार मुलांचा भार लीलाबाईंवर येऊन पडला. त्यांनी प्रथम शाळेत शिक्षिकेचे काम केले. त्या पदवीधर होत्या. परंतु चार मुले वाढवावयाची, तर शिक्षिकेचा पगार कितपत पुरणार?

सुदैवाने याच सुमारास मराठी रंगभूमीवर एक नवे वारे वाहू लागले होते. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि संगीत नाटकाचा जुना थाट बाजूस सारून इब्सेनच्या वळणाचा संसारी प्रश्न मांडला गेला. जेथे सुशिक्षित पुरुष व सुशिक्षित स्त्रिया एकत्र काम करीत, तालमी शिस्तीने होत, आणि नाटक हा केवळ रंजनाचा नव्हे तर विचाराचा विषय मानला जाई, अशा या मंडळींत लीलाबाई सामील झाल्या. 'उसना नवरा' (१९३४) या प्रहसनवजा नाटकातील त्यांचे काम त्या वेळी गाजले, आणि पुढे त्यांनी स्वतःची नाटकमंडळीही उभी केली. परंतु नव्या नाटकाची कीर्ती मोठी आणि प्राप्ती बेताची, हा अनुभव त्या काळच्या सर्वांनाच आला. लीलाबाई बोलपटाकडे वळल्या त्या या ओढीने. आरंभी त्यांनी अगदी किरकोळ कामे केली, मारामारीच्या चित्रांतही त्या दिसल्या. कामास त्यांनी कधी नाक मुरडले नाही.

१९३६ साली हंस पिक्चर्सच्या 'छाया' या बोलपटात त्यांना मास्टर विनायकांबरोबर प्रमुख भूमिका मिळाली. कथा वि. स. खांडेकरांची होती. पुढल्या वर्षी प्रभातच्या 'वहाँ'मध्ये त्या होत्या, आणि त्याच वर्षी 'जंटलमन डाकू' या चित्रात पुरुषी वेष चढवून त्यांनी एका सफाईदार दरोडेखोराची भूमिका केली. या चित्राची जाहिरात करताना त्यांचा उल्लेख महाराष्ट्रातील पहिली पदवीधर, कुलीन चित्रतारका असा करण्यात आला. या जाहिरातीपाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. चित्र दरोडेखोरीचे आणि भांडवल विद्यापीठाच्या पदवीचे! प्रेक्षकाच्या मनातील शंका जाहिरातदारास बरोबर ठाऊक होती. पडद्यावरील बाई कुलीन आहे, शिकलेली आहे, हे एकदा सांगितले म्हणजे सद्‌गृहस्थास सहकुटुंब तिकीट काढावयास संकोच उरत नाही. लीलाबाईंच्या पदवीने अशा रीतीने सबंध धंद्यास प्रतिष्ठेचा परवाना मिळवून दिला. मात्र ज्या चार मुलांसाठी हा सारा खटाटोप चालला होता त्यांचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत असणे शक्य नव्हते.

खरी कीर्ती त्यांस मिळाली ती बॉम्बे टॉकीजमध्ये. हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ साली मालाड येथे स्थापिलेली ही संस्था तेव्हा वैभवाच्या शिखरावर होती. तिच्या 'कंगन' (१९३९) या चित्रात लीलाबाई अशोककुमारांच्या नायिका झाल्या; मागोमाग 'आझाद' (१९४०), 'बंधन' (१९४०) आणि 'झूला' (१९४१) ही चित्रे आली. जेथे देविकाराणींचे स्थान होते तेथे आता लीलाबाई दिसू लागल्या. त्यांच्या अभिनयात आरडाओरड नव्हती. नाट्यमन्वंतरात घटविलेला संयम त्यांच्या कामी आला. डोळ्यांनी बोलावयाचे कसे हे आपण लीलाबाईंपासून शिकलो, असे अशोककुमारांनी पुढे मोकळ्या मनाने सांगितले आहे. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचे चित्र झळकले. तोवर हा मान हॉलिवुडच्या नट्यांकडे असे. भारतीय नटीस तो प्रथमच मिळाला. १९४२ साली 'किसीसे न कहना' या चित्राच्या निर्मितीतही त्यांनी हात घातला.

हा जो काळ, त्यात आमचा मराठवाडा कोठे होता? नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नांदेडचा मुंबईशी संबंध मनमाडवरून येणाऱ्या आगगाडीने. लातूरचा कुर्डुवाडीवरून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून. शाळेची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू, आणि जाहीर सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' आडवे येई. मराठी घरांत नवे विचार येत ते मुंबई-पुण्याकडील मासिकांच्या वाटेने. अशा मुलखात हिंदुस्तानी बोलपटाची भाषा कोणास परकी वाटावयाची नाही, ही त्या परिस्थितीची एक गमतीची बाजू. मात्र लीलाबाईंच्या आयुष्याचा जो खरा धडा, म्हणजे शिकलेल्या मुलीने स्वतःच्या मिळकतीवर मुलेबाळे वाढविणे, तो आमच्याकडे रुजावयास पुढे कैक वर्षे लागली.

१९४८ हे साल आमच्या भागाच्या इतिहासात कोरलेले आहे. बिलोलीजवळ अर्जापूर येथे १९४६ साली गोविंदराव पानसरे हुतात्मा झाले होते. दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. नेमक्या त्याच वर्षी 'शहीद' हा चित्रपट निघाला आणि त्यात लीलाबाई देशासाठी प्राण देणाऱ्या तरुणाची आई झाल्या. ज्या मुलखाने असे बलिदान नुकतेच पाहिले होते, त्यास ही आई केवळ पडद्यावरची कशी वाटावी?

परंतु याच ठिकाणी लीलाबाईंच्या चरित्रातील मर्म दडलेले आहे. 'शहीद' निघाला तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीसच्या आत-बाहेर होते, आणि त्यांचे पडद्यावरील पुत्र दिलीपकुमार पंचविशीत होते. त्यांचे जुने नायक अशोककुमार त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. त्यांनी पुढल्याच वर्षी 'महल'मध्ये नायक रंगविला, आणि दहा वर्षांनी 'चलती का नाम गाडी'त ते मोटार दुरुस्त करणारे ब्रह्मचारी होऊन प्रेक्षकांस हसवीत होते. नायकास वय नसते, नायिकेस मात्र ते चाळिशीपूर्वीच गाठते, हा या धंद्याचा अलिखित कायदा. 'आवारा' (१९५१), 'नया दौर' (१९५७), 'काला बाजार' (१९६०), 'गंगा जमना' (१९६१), 'गाइड' (१९६५) अशी एकामागून एक चित्रे आली. मुले बदलली, आई तीच राहिली. यातील कित्येक भूमिका लीलाबाईंनी मनापासून वठविल्या आहेत. 'आवारा'मध्ये पतीने गर्भारपणी घराबाहेर घातलेली स्त्री पाहताना आजही जीव हेलावतो. तथापि निःपक्षपातीपणे सांगावयाचे, तर तीच व्यथा पुनःपुन्हा पडद्यावर आल्याने तिची धार पुढे पुढे बोथट झाली. हा दोष नटीपेक्षा लेखकांचा अधिक होय. रडणाऱ्या आईपलीकडे प्रौढ स्त्रीस काही करावयाचे असते, हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हते.

येथे अमेरिकेची तुलना उद्‌बोधक ठरेल. तेथेही चाळिशी उलटलेल्या नटीस सिनेमात हीच गत येई. परंतु दूरचित्रवाणीने तिला दुसरे दार उघडून दिले. लॉरेटा यंग या नटीने १९५३ पासून १९६१ पर्यंत स्वतःच्या नावाची नाट्यमालिका चालविली. बार्बरा स्टॅनविक ही तर लीलाबाईंहून दोन वर्षांनी मोठी. तिने १९६५ ते १९६९ या काळात 'द बिग व्हॅली' या मालिकेत मोठ्या जमीनजुमल्याचा कारभार पाहणाऱ्या, प्रसंगी बंदूक हाती घेणाऱ्या विधवेची भूमिका केली. तीही आईच होती, पण घर चालविणारी आई होती. आपल्याकडे दिल्लीस १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली खरी, परंतु मुंबईस ती आली १९७२ साली, आणि तेव्हा लीलाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी आपल्या परीने दुसरी वाट शोधून पाहिली होती. १९५५ साली 'आज की बात' हे चित्र त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले. सॉमरसेट मॉम यांच्या 'द सेक्रेड फ्लेम' या नाटकाचे रूपांतर लिहून ते रंगभूमीवर आणले. परंतु मागणी होती ती आईलाच.

१९८१ साली 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढे त्या दशकात चित्रपटांचा निरोप घेऊन त्या अमेरिकेस मुलांकडे गेल्या. योगायोग असा, की ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच दशकात दूरदर्शन आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांत येऊन पोहोचले. सायंकाळी जुना हिंदी चित्रपट लागला की सारे घर पुढ्यात बसे, आणि त्यात लीलाबाई भेटत त्या पुन्हा आई म्हणूनच. नातवंडांस आजी सांगत असेल, 'ही बघ, किती सोसते बिचारी!'

बिचारी! हाच तो शब्द, जो या बाईंच्या बाबतीत सर्वस्वी चुकीचा आहे. पडद्यावर ज्या मुलांसाठी त्या रडल्या ती मुले लेखकांनी कल्पिलेली होती. ज्या चार मुलांसाठी त्यांनी शाळा, रंगभूमी आणि बोलपट असे तीन व्यवसाय पत्करले ती खरी होती, आणि त्यांच्यासाठी रडत बसावयास त्यांस सवड नव्हती. आपण त्यांच्या पदवीचा गौरव केला, त्यांच्या अश्रूंचा गौरव केला. त्यांच्या कष्टांचा गौरव करावयाचे तेवढे राहून गेले. आमच्या घरांतून आज मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईस आणि त्याही पलीकडे जातात. कोणाची तरी आई आजही नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या शाळेत शिकवून, संध्याकाळी शिकवण्या घेऊन, एकटीच संसार ओढीत असेल. तिच्याकडे पाहताना 'बिचारी' हा शब्द ओठांवर आला, तर तो तेथेच आवरावा. लीलाबाईंचे स्मरण करण्याची याहून उचित रीत दुसरी नाही.