रुपये वितळवून केलेला चषक

परवा नातू दोन्ही गुडघे सोलवटून घरी आला. "आजी, रग्बी शिकलो!" आमच्या वेळी लंगडी, खो-खो. रग्बी म्हणजे चिखलात लोळणारे गोरे, एवढीच माझी समजूत! म्हणून थोडं वाचलं, आणि मंडळी, गोष्ट निघाली थेट कलकत्त्यातली.

1872 च्या नाताळात तिथे इंग्रजांचा एक संघ आणि स्कॉटिश, आयरिश, वेल्श मंडळींचा दुसरा, असा सामना झाला. पाठोपाठ 1873 मध्ये क्लब निघाला. पण पोलो-टेनिसने माणसं ओढून नेली आणि चार-पाच वर्षांतच क्लब बंद झाला. उरलेले चांदीचे रुपये बँकेतून काढून, वितळवून चषक घडवला. त्याला नागांचे तीन कान, झाकणावर हत्ती. 1879 पासून इंग्लंड-स्कॉटलंड याच 'कलकत्ता कप'साठी खेळतात.

खेळ पुढे कलकत्त्यात परतला, पण बराच काळ क्लबांच्या आणि लष्कराच्या कुंपणातच राहिला. बाहेरच्या मुलांच्या हाती चेंडू देणार कोण?

2004 मध्ये पॉल वॉल्श या इंग्रज गृहस्थांनी कोलकात्यात 'जंगल क्रोज' क्लब सुरू केला, तो गरीब वस्त्यांतल्या मुलांना घेऊन. पुढे सरस्वतीपूरच्या चहामळ्यातल्या मजुरांच्या मुलीही खेळू लागल्या, भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या. 2007 मध्ये भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी निवासी शाळेतली चौदा वर्षांखालची पोरं लंडनला जाऊन शाळांची स्पर्धा जिंकून आली. त्याच शाळेतल्या सुमित्रा नायकने 2019 मध्ये सिंगापूरविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली. 21-19! पंधरा जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय.

हे वाचताना मला माझंच काहीतरी टोचत राहिलं. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास मी गणितासाठी मागून घ्यायची. मुलं हिरमुसून मैदानाकडे बघत बसायची. 'अभ्यास महत्त्वाचा' म्हणून मी मोकळी. त्यांतली एखादी सुमित्रा माझ्या पाढ्यांखाली दडपली गेली असेल का?

नातू सांगत होता, रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. आपण धावायचं आणि मागून येणाऱ्याच्या हाती द्यायचा. मास्तरकी तरी दुसरं काय असते!

असो. गुडघ्यांना हळद लावली आहे. रविवारी त्याच्याबरोबर मैदानावर जाणार आहे.