एडी टिप्टन: लॉटरीचा पहारेकरीच नंबर ठरवतो तेव्हा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय.

तारीख २३ डिसेंबर २०१०. अमेरिकेतलं आयोवा राज्य, त्याची राजधानी डे मॉइन. हायवेजवळच्या एका पेट्रोल पंपाच्या दुकानात हुडी घातलेला एक जाडजूड माणूस येतो. लॉटरीची तिकिटं घेतो, दोन हॉटडॉग घेतो आणि निघून जातो. सहा दिवसांनी, २९ डिसेंबरला 'हॉट लोटो'चा ड्रॉ होतो आणि त्या माणसाच्या एका तिकिटाला १ कोटी ६५ लाख डॉलरचा जॅकपॉट लागतो.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी सकाळी लॉटरीच्या ऑफिसबाहेर रांग लावली असती. पण इथे महिनोन् महिने कोणी फिरकलंच नाही. बक्षीस मागायची मुदत एक वर्षाची. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅनडातून एकाचा फोन आला, की तिकीट माझं आहे. तिकिटावरचा नंबर त्याने बरोबर सांगितला, पण तिकीट घेताना अंगावर कपडे कोणते होते, ते सांगताना चुकला. दुकानाचा सीसीटीव्ही व्हिडिओ अधिकाऱ्यांकडे होता ना! मग म्हणे, मी दुसऱ्या कोणासाठी तरी विचारतोय. शेवटच्या दिवशी, मुदत संपायला जेमतेम दोन तास उरलेले असताना, न्यूयॉर्कच्या एका वकिलाच्या सहीने एका ट्रस्टचा दावा दाखल झाला. त्या ट्रस्टचे धागेदोरे बेलीझ नावाच्या छोट्या देशात.

आयोवा लॉटरीचे प्रमुख होते टेरी रिच. त्यांचं म्हणणं साधं होतं: तिकीट कोणी घेतलं आणि ते तुमच्यापर्यंत कसं आलं, ते सांगा, मग पैसे घ्या. जानेवारी २०१२ मध्ये दावा मागे घेतला गेला. इतके पैसे सोडून दिले राव!

मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात भारी वाटते. लॉटरी चालवणाऱ्यांसाठी मोठा जॅकपॉट वाटणं म्हणजे फुकटची जाहिरात असते. कागद तर तयार होते, तिकीटही खरं होतं. 'द्या आणि विषय संपवा' असं म्हणायला कोणालाही मोह झाला असता. पुढे जे जे बाहेर आलं ते एवढ्याचमुळे आलं, की कोणीतरी विजेत्याचं नाव विचारलं आणि विचारतच राहिलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये तपास करणाऱ्यांनी दुकानातला तो व्हिडिओ जाहीर केला. चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज होता. लॉटरीच्याच क्षेत्रात काम करणाऱ्या लोकांनी तो ओळखला. हा तर आपला एडी!

एडी टिप्टन. 'मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशन' ही अनेक राज्यांच्या लॉटऱ्यांची एकत्र संस्था, पॉवरबॉल चालवणारी. टिप्टन तिथे २००३ पासून होता आणि पुढे माहिती सुरक्षेचा प्रमुख झाला. तिकीट विकत घ्यायचीही त्याला कायद्याने बंदी होती. आणि ज्या सॉफ्टवेअरमधून विजेते आकडे निघतात, ते लिहिण्यात याचाच हात.

जुलै २०१५ मध्ये तो दोषी ठरला, दहा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात एक गोष्ट पुढे आली. नोव्हेंबर २०१० मध्ये टिप्टन ड्रॉच्या मशीनच्या बंद खोलीत गेला, त्या दिवशी तिथला कॅमेरा सलग रेकॉर्ड करतच नव्हता. मिनिटाला साधारण एक सेकंद, बस्स. पण आकडे नेमके कसे फिरवले, तो कोड अजून कोणाच्या हाती लागला नव्हता.

मग जुनी तिकिटं उकरायला सुरुवात झाली. कोलोरॅडो, नोव्हेंबर २००५: विजेत्यांत टिप्टनचा सख्खा भाऊ. विस्कॉन्सिन, डिसेंबर २००७: विजेता टिप्टनचा जुना मित्र. पुढे कॅन्सस आणि ओक्लाहोमाही यादीत आले. विस्कॉन्सिनने ड्रॉचं जुनं मशीन जपून ठेवलं होतं आणि त्यात ती फाइल सापडली.

थोडं टेक्निकल बोलतो, कंटाळू नका. कॉम्प्युटरला स्वतःहून 'रँडम' आकडा काढता येत नाही. तो एक सुरुवातीचा आकडा घेतो, त्याला सीड म्हणतात, आणि त्यावर गणित करत पुढचे आकडे काढतो. सीड कळला की पुढचं सगळं कळलं. म्हणून या मशीनमध्ये सीडसाठी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर वापरला जायचा. त्याचं रीडिंग आधी सांगणं कोणाच्या बापाला शक्य नाही. टिप्टनच्या कोडने या खऱ्या सीडला बगल दिली, पण फक्त वर्षातल्या तीन तारखांना: २७ मे, २३ नोव्हेंबर, २९ डिसेंबर. तेही वार बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्री आठ वाजून गेले असतील तरच. त्या वेळी आकडे अशा सूत्रातून निघायचे जे त्याला आधीच माहीत होतं. लाखो शक्यतांतून उरायच्या थोड्याशा, हाताने तिकिटं भरता येतील इतक्या.

आता कॅलेंडर काढून बघा. २३ नोव्हेंबर २००५ बुधवार. २९ डिसेंबर २००७ शनिवार. २९ डिसेंबर २०१० बुधवार. २३ नोव्हेंबर २०११, ओक्लाहोमाचा ड्रॉ, पुन्हा बुधवार.

विस्कॉन्सिनच्या मशीनचं बाहेरच्या लॅबकडून ऑडिट झालेलं होतं. तरीही त्या ओळी वर्षानुवर्षं चालत राहिल्या. यात नवल नाही. मशीनमधून लाखो आकडे काढून ते सारखे विखुरलेत का हे तपासलं, तर ३६२ दिवस सगळं चोखच दिसणार. अशी चोरी आउटपुट बघून कळत नाही, कोड वाचावा लागतो. आणि वाचणारा माणूस लिहिणारा नसावा लागतो. माझ्या कामात ॲपवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा तरी दुसऱ्याने कोड बघितल्याशिवाय तो पुढे जात नाही. इथे कोट्यवधी डॉलरच्या मशीनचा कोड आणि त्याच्या सुरक्षेची जबाबदारी, दोन्हींवर एकाच माणसाचा हात होता.

बरं, हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डात रॉन हॅरिस नावाचा इंजिनिअर होता. स्लॉट मशीन प्रामाणिक आहेत की नाहीत हे तपासणं हेच त्याचं काम. त्यानेच मशीनमध्ये स्वतःचा कोड घुसवला. जानेवारी १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत त्याचा साथीदार केनो या खेळात १ लाख डॉलर जिंकला आणि दोघंही अडकले. म्हणजे टिप्टन कामावर रुजू झाला, त्याच्या आठ वर्षं आधीच या धंद्याला हा धडा मिळाला होता. तो कोणी वाचला नाही, हे मला टिप्टनच्या हुशारीपेक्षा जास्त बोचतं.

जून २०१७ मध्ये टिप्टनने गुन्हा कबूल केला. ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, आणि दोघा भावांना मिळून सुमारे २२ लाख डॉलर परत करायचा आदेश निघाला. सरकारी वकील होते रॉब सँड, जे पुढे आयोवाचे ऑडिटर म्हणून निवडून आले.

पण तिकीट काढणाऱ्या साध्या माणसांचं काय? आयोवातल्या एकाला २०११ मध्ये हॉट लोटोचा पुढचाच जॅकपॉट लागला होता. त्याने लॉटरी संस्थेवर दावा ठोकला. त्याचा हिशेब सरळ होता: तो बनावट ड्रॉ झालाच नसता, तर आधीचे १ कोटी ६५ लाख पुढे सरकून माझ्या बक्षिसात जमा झाले असते. बाकीच्यांचा वेगळा सामूहिक खटला ४३ लाख डॉलरवर मिटला. फिक्स केलेल्या त्या ड्रॉंसाठी ज्यांनी तिकिटं घेतली होती, त्यांना आपल्या तिकिटाचे पैसे परत मागता आले. मात्र अट एकच, इतक्या वर्षांनी ते तिकीट आपण घेतल्याचा काहीतरी पुरावा हवा.