दुखणं अंगावर काढण्याचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय मी संयोजकांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, पत्रिकेत काय छापू?" मी म्हटलं, जे आहे ते छापा. बाई आणि पुरुष, दोघांच्या लैंगिक आरोग्याचा, पाळीचा, ओटीपोटाच्या दुखण्यांचा इतिहास. दोन दिवसांनी पत्रिका आली. तिच्यावर 'आरोग्यविषयक व्याख्यान' एवढंच छापलेलं होतं. माझी तक्रार नाही. उलट मला आयतं उदाहरण मिळालं.

समोर बसलेल्यांत पुढच्या दोन रांगा मारुंजीच्या जुन्या घरांतल्या आहेत, मागच्या रांगा टॉवरमधल्या. आयटी पार्क आलं, रान गेलं, इमारती आल्या. पण या एका विषयावर पुढची आणि मागची रांग सारखीच गप्प असते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, औषध काही सांगणार नाही. त्यासाठी शेजारी खऱ्या डॉक्टर बसल्या आहेत.

मराठीत एक शब्दप्रयोग आहे, 'दुखणं अंगावर काढणं'. म्हणजे उपचार न करता, न बोलता, काम करत करत सोसणं. त्यात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं. 'तिनं अंगावर काढलं हो,' असं आपण जरा अभिमानानंच म्हणतो.

माझ्या आईनं काढलं. तिच्या तेराव्याला मावशीनं मला माजघरात बोलावून सांगितलं, "तुझ्या आईचं अंग बाहेर यायचं रे. वीस वर्षं." मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? "मुलांना काय सांगायचं असतं त्यात?" आणि बाबांना? यावर मावशी नुसती माझ्याकडे बघत राहिली. सात बाळंतपणं, डोक्यावर पाणी, आणि गर्भाशय खाली सरकलेलं. ती फडकं बांधून उभ्यानं स्वयंपाक करायची. तिला बसायला आवडत नाही, अशी आमची समजूत होती. माझा प्रबंध ज्ञानमीमांसेवरचा होता, म्हणजे माणसाला काय कळू शकतं यावरचा. असो.

आता मुद्द्याकडे येतो. याबद्दल मराठीत कुणी जाहीरपणे बोललंच नाही, असं नाही. कर्वे रस्ता, कर्वेनगर ही नावं तुम्हाला माहीत आहेत. ती महर्षी धोंडो केशव कर्व्यांची. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, जन्म 14 जानेवारी 1882. गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी त्यांचं केंद्र उघडलं ते त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो. 1923 मध्ये त्यांची संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तकं आली. 1925 मध्ये या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, आणि पत्नी मालतीबाईंच्या साथीनं, पदरमोड करत, 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षं जगले.

रघुनाथरावांना आपण 'संततिनियमनवाले कर्वे' म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, त्यात त्यांचं अर्धंच काम येतं. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांची पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं असत. ज्या माणसाला आपलं दुखणं आईला, बायकोला, वैद्याला सांगता येत नव्हतं, तो पोस्टातून ते एका गणिताच्या मास्तरांना कळवत होता, आणि मास्तर त्याला न ओरडता उत्तर देत होते. प्रश्न विचारणारा पापी आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी बाजूलाच ठेवला. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात नीतीचा प्रश्न वेगळा आणि वस्तुस्थितीचा वेगळा, हे शिकवायला आम्हाला एक सत्र लागतं.

त्या काळातल्या पुरुषाच्या डोक्यात काय होतं, तेही लक्षात घ्या. सात धातूंमधला शेवटचा शुक्र. तो गेला की शक्ती गेली, ही आपल्याकडची जुनी धारणा. तिकडे स्वित्झर्लंडच्या तिसो नावाच्या डॉक्टरनं 1760 च्या पुस्तकात हस्तमैथुनानं माणूस खंगून मरतो, असं लिहून ठेवलेलं आणि युरोपानं ते शंभर-सव्वाशे वर्षं खरं मानलेलं. दोन्हीकडची भीती एकाच पोराच्या मानगुटीवर. 'समाजस्वास्थ्य' निघालं तेव्हा स्त्रीचं इस्ट्रोजेन शुद्ध रूपात हाती आलं नव्हतं. ते 1929 मध्ये आलं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये. त्यामुळे बाजारात ताकदीच्या गोळ्या विकणाऱ्यांचं राज्य होतं. (ते अजून आहे. हिंजवडीकडे येताना भिंतींवर पाहा.) धातू जाण्याच्या या भीतीनंच माणूस आजारी पडतो, हे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी 1960 मध्ये मांडलं आणि त्याला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. आजार धातूचा नव्हता, भीतीचा होता.

तर कर्व्यांवर खटले झाले. 1931 मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून शंभर रुपये दंड. दुसरा 1934 मध्ये, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो लेखावर नव्हता, वाचकांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण असे प्रश्न. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: विषय लैंगिक आहे एवढ्यानं मजकूर अश्लील होत नाही; लोकांना शंका आहेत, ते विचारतात; जाणकारानं उत्तर द्यायचं नाही, तर मासिक बंदच करायचं का? खटला हरले. दंड दोनशे रुपये. पण आंबेडकर थांबले नाहीत. 1938 मध्ये त्यांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही फेटाळला गेला.

कायद्याची तेव्हाची कसोटी इंग्लंडमधून आलेली होती, 1868 च्या हिक्लिन खटल्यातली. ज्यांची मनं सहज बिघडू शकतात, अशांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडतील का, असं न्यायाधीशानं पाहायचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ही कसोटी सोडली ती थेट 2014 मध्ये. यातली गंमत बघा, खरं तर गंमत नाही. जो सगळ्यांत अजाण, सगळ्यांत घाबरलेला, त्याचा बचाव करायचा म्हणून मजकूर बंद. आणि उत्तराची सगळ्यांत जास्त गरज कुणाला होती? त्यालाच. सोळा वर्षांच्या पोराला, पहिल्या बाळंतपणानंतर अंगावरून जाणाऱ्या बाईला.

ही गप्पी किती महाग पडली, याचा हिशोब बराच उशिरा, गडचिरोलीत झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांमधल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावातल्या बायकांची. 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला तो 14 जानेवारी 1989 च्या अंकात. कर्व्यांचा वाढदिवस, निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. आकडे ऐका. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार. एकेकीला सरासरी 3.6 आजार. त्यातले निम्मे जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचे, म्हणजे बरे होण्याजोगे. आणि पूर्वी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी, उपचार झालेल्या किती? आठ टक्के.

शंभरातल्या ब्याण्णव बायका आजारी आणि आठ तपासलेल्या. जगभर तोवर गरीब देशांतल्या बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढाच होता. या निबंधानं त्याला धक्का दिला. राणीताईंचं 'कानोसा' पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. नावातच सगळं आहे. त्यांनी आधी ऐकलं.

तुम्ही म्हणाल, आता तर सगळं मोबाइलवर आहे. मग बीडचं सांगतो. तिथून माणसं दर हंगामात आपल्याकडच्या उसाला येतात; कासारसाईचा कारखाना इथून जवळच आहे, बैलगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग तो पाळीमुळे झालेला असो की तापामुळे. 2019 मध्ये राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. चाळिशीच्या आतल्या कितीतरी. पांढरं पाणी जातं, पोट दुखतं म्हणून बाई गेली की सांगायचं, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. हाडं ठिसूळ, अंगाची आग, झोप नाही. आणि पुन्हा त्याच फडात मोळी डोक्यावर.

माझी आई विचारू शकली नाही, म्हणून तिला उपचार मिळाले नाहीत. या बायकांनाही कुणी विचारायला शिकवलं नाही, आणि त्यांना नको ते उपचार मिळाले. हे काढायलाच हवं का, औषधानं जाणार नाही का, एवढं विचारण्यापुरते शब्दही तोंडाशी नसले, तर 'नको' तरी कसं म्हणणार?

पुरुषांनी हसू नये. साठीच्या पुरुषांत निम्म्यांच्या आसपास लोकांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. माझीही होती. रात्री चार-चार वेळा उठायचो आणि बायकोला सांगायचो, झोप लागत नाही, वाचत बसतो. दीड वर्ष. शेवटी लघवी पूर्ण अडली, तेव्हा मुलानं गाडी काढली. आधीच्याच महिन्यात मी कर्व्यांवर व्याख्यान दिलं होतं!

दाराशी पेटी ठेवली होती. नाव घालू नका, असं सांगितलं होतं. बऱ्याच चिठ्ठ्या दिसतात, पत्रिकेवर विषय नव्हता तरी. वरचीच वाचतो. 'वय बेचाळीस. खोकलं, शिंकलं की थोडी लघवी होते. सासूबाई म्हणतात वयाचं आहे. खरं का?'

एवढं मी सांगू शकतो की, याच तक्रारीसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्येच मांडले होते. ते कसे करायचे, कुणी करायचे, आणि आधी काय तपासून घ्यायचं, हे डॉक्टर सांगतील. माइक जरा इकडे द्या.